देवाच्या पाटाखालचं समन्स

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कँटीनच्या मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते आणि काकीचा फोन आला. काकी स्वतःहून फोन करत नाही. आमच्या वाडीत रेंज मिळते ती शाळेमागच्या कातळावर, आणि तिथं चढायचं तर तिला आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून आमचं ठरलेलं आहे: रविवारी संध्याकाळी ती कोणाचा तरी फोन घेऊन कातळावर येऊन बसते आणि मी इकडून लावते. त्या दिवशी बुधवार होता. स्क्रीनवर नंबर बघूनच मी मेथीची जुडी खाली ठेवली.

"काय झालं?"

"काय नाय. तू आधी बस."

"बसलेय. बोल."

"तुझ्या घराला दुसरं कुलूप लागलंय."

माझं घर म्हणजे वडिलांचं घर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत दोन खोल्या, पुढं ओटी, मागं परसू आणि परसात एक फणस. आई लवकर गेली, वडील सहा वर्षांपूर्वी. मी एकटीच. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर गुजरातला आले, कच्छच्या किनाऱ्याला. तो बंदरावर क्रेनच्या कामाला आणि मी तिथल्याच कामगारांच्या कँटीनमध्ये. अकरा वर्षं झाली. घराची किल्ली काकीकडे. रोज तिन्हीसांजेला ती कुलूप काढते, आत दिवा लावते, पुन्हा कुलूप घालते. त्या दिवशी गेली तर तिच्या जुन्या कुलपाच्या वर नवी कडी ठोकलेली आणि तिच्यात हे एवढं मोठं चकचकीत कुलूप. शेजारचे म्हणाले, तुझ्या पोरीचा चुलत भाऊ मुंबईहून आला होता, कोर्टाचा कागद दाखवला आणि लावून गेला.

मी भावाला फोन केला. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. लहानपणी एकाच ताटात जेवलेला.

"ताई, कोर्टाचा निकाल झालाय. घर आणि परसू माझ्या नावचं ठरलं. तू आली नाहीस ना तारखेला."

"कुठल्या तारखेला?"

"समन्स आलेलं तुला. घेतलंय तुझ्या घरच्यांनी. अंगठा आहे त्याच्यावर."

मला समन्स हा शब्द माहीत होता, पण तो दुसऱ्यांच्या घरी जाणारा. मी सातवीत शाळा सोडली. आई गेली त्या वर्षी. कोर्ट, कचेरी, तलाठी ह्यांच्या दारातून जातानासुद्धा मी पदर सारखा करते, अजून. फोन ठेवला आणि मेथीची निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत सुटले, ते शेजारच्या बाईनं हात धरला तेव्हा कळलं. कँटीनच्या मॅनेजरने काही न विचारता रजा दिली. बायकांनी माझी रोटल्याची पाळी आपापसात वाटून घेतली. त्या माणसांचे उपकार मी कधी फेडेन असं मला वाटत नाही, आणि त्यांना ते आठवतही नसतील.

रेल्वेने पनवेल, तिथून एसटीने पोलादपूर. सबंध वाटेत माझ्या डोक्यात एकच: अंगठा कोणाचा? माझ्या घरचं म्हणून वाडीत उरलंय कोण?

काकीच्या अंगणात पाय ठेवला आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं.

"माझा," काकी म्हणाली. "माझ्या पोरीचा कागद मी नाय घेणार तर कोण घेणार?"

ती आत गेली. देव्हाऱ्यातले देव एकेक करून बाजूला ठेवले, पाट उचलला आणि खालून लाल फडक्यात बांधलेली पुडी काढली. आत घडी केलेले कागद. वरच्या कागदावर हळदकुंकवाचं बोट, तेलाचा एक गोल डाग आणि वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल. घडी मोडलेली नव्हती.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमची निम्मी वाडी मुंबईला. बारा महिने कुलूप असलेल्या घरांचे कागद येत राहतात, पंचायतीचे, तलाठ्याचे, बँकेचे. ते शेजारी घेतात. पण घेतलेला कागद उघडायचा नाही. जमिनीचा, घराचा असेल तर नाहीच नाही. तो देवाच्या पाटाखाली ठेवायचा. शिमग्याला सगळे गावी येतात, पालखी घरोघर फिरते, ती ज्याच्या दारात येईल त्या दिवशी त्याचा कागद काढून त्याच्या हातात द्यायचा. वाचून दाखवायचं असेल तर चार माणसांत वाचायचं. म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की मधल्या मधे काही झालं. पूर्वीपासून असंच चालत आलंय आणि आजवर त्यातून कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"कधी आला हा?"

"गेल्या वर्षी, भातं झोडून झाली तेव्हा. एक माणूस आला घाम पुसत. गाडी खालीच ठेवून चढला बिचारा. पाणी दिलं, गूळ दिला. म्हणाला, अमक्या बाईचं घर हेच का? म्हटलं, होय. त्या कुठायत? म्हटलं, कामाला गेलीय. तुम्ही कोण? म्हटलं, काकी. इथंच राहता? म्हटलं, मग काय मुंबईला राहू? लिहून घेतलं त्याने. अंगठा घेतला. चांगला माणूस होता."

"आणि शिमग्याला देणार होतीस."

"होय."

"शिमग्याला मी आलेच नाही ना काकी. रजा नव्हती."

"मग पुढच्या शिमग्याला."

"अगो, पण दर रविवारी आपण बोलतो. फोनवर एकदा तरी सांगायचंस."

 चुलीत लाकूड नीटच होतं, ते तिने पुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी महाडला गेलो. वाडीतल्या एका शिक्षकांनी वकीलबाईंचा पत्ता दिला होता. चवदार तळ्याच्या जवळच एका दुकानावर त्यांची एक खोली. माझ्यापेक्षा वयाने लहान. मी सांगायला लागले ते सगळं एकदम, आईपासून मेथीपर्यंत. त्यांनी हात वर केला.

"ताई, थांबा. तुम्हाला हे कधी कळलं? नेमका दिवस."

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी? तारीख सांगा. निकाल झाला तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं त्या दिवसापासून तीस दिवस धरतात. त्यातले तुमचे चार गेले."

त्यांनी कोर्टातून कागद काढले आणि मला समजेल असं सांगितलं. भावाने दावा लावला, की घर त्याच्या वडिलांच्या वाट्याचं, माझ्या वडिलांना नुसतं राहायला दिलेलं. दाव्यात माझा पत्ता वाडीतला दिला. समन्स तिथं गेलं, घेतलं गेलं. मी हजर झाले नाही. तेव्हा कोर्टाने त्याचं एकट्याचं ऐकून हुकूम दिला. ह्याला एकतर्फी म्हणतात. तो रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: समन्स मला नीट पोचलंच नाही, आणि दाव्याचं मला दुसरीकडूनही कळलं नव्हतं.

"समन्स घेऊन आलेल्या बेलीफने लिहिलंय, प्रतिवादी घरी नव्हत्या, सोबत राहणाऱ्या काकींनी समन्स घेतलं. त्याची चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. एकत्र राहणाऱ्या घरच्या मोठ्या माणसाने घेतलं तर ते तुम्हालाच मिळालं असं धरतात." मग त्या काकीकडे वळल्या. "मावशी, तुम्ही ह्यांच्या वडिलांच्या भावाच्या पत्नी?"

"नाय नाय. आमचं आडनाव वेगळं. भावकी पण वेगळी. आमचं अंगण तेवढं लागून."

"मग काकी कशा?"

"काकी म्हणतात म्हणून."

वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. "झालं तर. हेच कोर्टात सांगायचं. तुम्ही ह्यांच्या कोणी नाही."



मी काकीची कोण, हे मला कधी सांगावं लागलं नव्हतं. आई गेली तेव्हा तिच्या चुलीवर माझी आणि वडिलांची भाकरी आधी भाजली जायची, मग तिच्या घरची. मी शाळा सोडली तेव्हा ती मास्तरांशी भांडायला गेली होती. त्यांनी तर मला ठेवायची तयारीच दाखवली होती, सोडणारी मी. मग माझ्यावर चिडली. आठ दिवस बोलली नाही, पण ताट वाढत राहिली. माझं पहिलं बाळंतपण तिनेच केलं. आणि आता माझं घर वाचायचं तर तिने उभं राहून सांगायचं होतं की ही माझी कोणी नाही.

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. "वाचा आणि सही करा." मी बोट ठेवून वाचते. एका ओळीवर बोट थांबलं. समन्स स्वीकारणारी महिला ही अर्जदाराच्या कुटुंबातील नसून त्रयस्थ इसम आहे.

"मॅडम, हा शब्द बदलता येईल?"

"कुठला? त्रयस्थ? का?"

"तो बरा नाही वाटत."

"अहो, हे जजसाहेबांना वाचायचंय, काकींना नाही."

"पण काकी तिथं उभी असणार ना. कोणीतरी वाचून दाखवेलच."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग मशीनवाल्याला हाक मारली. नवीन पान आलं. शेजारी राहणारी महिला. मी सही केली. त्यांनी मला आणखी एक सांगितलं: जे जे आठवतं ते वहीत क्रमाने लिहून काढा, तारखेला गडबड व्हायला नको. लिहायची सवय मला तिथून लागली. तेव्हा त्यांना लागणार होती तीन पानं, मी अख्खी वही भरली.

अर्ज दिला आणि मी परत कच्छला गेले. भावाच्या वकिलांनी उत्तर दिलं की हे सगळं खोटं आहे, ती बाई अर्जदाराला आईसारखी आहे, दर आठवड्याला फोनवर बोलतात, अर्जदाराला सगळं माहीत होतं. फोनवर वकीलबाईंनी मला ते वाचून दाखवलं. त्यातला मधला भाग खरा होता, आणि तोच माझ्याविरुद्ध लिहिलेला होता. त्या म्हणाल्या, "आता काकींची साक्ष घ्यावीच लागेल. त्यांच्या जबाबावर आहे सगळं."

त्या महिनाभरात मला भलतीसलती स्वप्नं पडली. काकी बोलायला लागली की थांबत नाही, हे मला माहीत. आणि तिला मी लाज वाटायला लावतेय, असं सारखं आतून टोचत होतं. नवरा म्हणाला, "घर सोडून दे ना. आपण कुठं जाऊन राहणार आहोत तिथं?" तो बरोबरच बोलत होता. पण काकी ते कुलूप बघून आल्यापासून दिवा ओटीवर ठेवत होती, बाहेर, दाराला टेकवून. डोंगरावरचं वारं. सांगत होती, चार काड्या लागतात पेटवायला. मला ते सोडता येत नव्हतं.

तारीख जानेवारीत पडली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाक होता, त्यावर आम्ही दोघी बसलो. काकीने ठेवणीतलं चांगलं लुगडं काढलं होतं आणि पिशवीत चार भाकऱ्या, सुकट. समोर खांबाला टेकून भाऊ उभा होता, हातात हेल्मेट. थोड्या वेळाने तो तीन चहा घेऊन आला. काकीने घेतला. मी पण घेतला, न घेऊन काय करणार.

"बरी आहेस ना ताई?"

"बरी. पोरं कशी आहेत?"

"बरी आहेत." मग हेल्मेटकडे बघत म्हणाला, "तुला राग आला असेल. पण माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? घरावर पत्रे मी घातले दोनदा. वादळानंतर मी आलो, तू नाही आलीस. दिवा पण तुझ्या घरात दुसरीच लावते."

ह्याला उत्तर काकीने दिलं. 

"दुसरी म्हणजे मी का रे?"

"तसं नाही काकी."

"मग कसं?"

 तेवढ्यात पट्टेवाल्याने पुकारा केला.

वकीलबाईंनी काकीला सकाळी समजावलं होतं, "मावशी, खरं तेच सांगायचं. पण विचारतील तेवढंच." त्यावर काकी म्हणाली होती, "तेवढंच सांगायला मी काय तुमच्या शाळेत हाय?" ती पिंजऱ्यात चढली. शपथ घेतली. पाटाखालचा कागद तिने ओळखला. मग भावाचे वकील उठले. वयस्कर, मऊ आवाजाचे.

"आजी, ह्या बाईंना कधीपासून ओळखता?"

"जन्मली तेव्हा सुईण मी बोलावली."

"आई वारल्यावर त्या जेवायच्या कुणाकडे?"

"माझ्याकडं. दुसरीकडं कशाला जाईल?"

"लग्नात हळद?"

"मीच लावली."

"बाळंतपण?"

"पहिलं माझ्याकडं. दुसरं तिकडं झालं, मला नेलं नाय कोणी." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

वकीलबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा मला आवडत नव्हता.

"म्हणजे आजी, तुम्ही बेलीफला सांगितलंत ते बरोबर. तुम्ही ह्यांच्या काकी."

"होय, काकीच. सगळी वाडी मला काकी म्हणते. हा तुमचा पण म्हणतो." तिने भावाकडे बोट केलं. "आत्ता बाहेर चहा देताना म्हणाला. विचारा त्याला. त्याचा कागद आला असता तरी मीच घेतला असता, आणि शिमग्यापर्यंत देवाखालीच ठेवला असता. त्याला काय ही रीत ठाऊक नाय?"

मागं कोणीतरी हसलं. साहेबांनी वर बघितलं, हसणं थांबलं. भाऊ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. त्याचे वकील दुसरीकडून आले.

"दर रविवारी तुम्ही ह्यांच्याशी फोनवर बोलत होता?"

"होय."

"एवढा कोर्टाचा कागद घरात आला. तुम्ही सांगितलं असणार."

"नाय सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

 हाच प्रश्न मी तिला चुलीपाशी विचारला होता. तिने कठड्यावरचे हात खाली घेतले.

"साहेब, ही भिते," ती म्हणाली. वकिलांना नाही, वर बसलेल्या साहेबांना. "लहानपणापासून. फोनवर माझा खोकला ऐकला तरी दोन दिस जेवत नाय, हिचा नवरा मला सांगतो. तिकडं परमुलखात, जवळ कोण नाय. त्यात कोर्टाचा कागद म्हणून सांगितलं असतं, तर हिने काय केलं असतं? म्हटलं, शिमग्याला येईल, समोर बसवीन, पोटभर जेवू घालीन, मग देईन. मला वाचता येत नाय. त्यात तारीख हाय हे मला काय ठाऊक."

साहेबांनी विचारलं, "शिमग्याला आल्या त्या?"

"नाय आली."

"मग?"

"मग पुढच्या शिमग्याची वाट बघितली."

ह्या जगात मी भित्री आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण ते असं, सगळ्यांदेखत, टाइप होताना ऐकलं. लाज वाटली. आणि चुलीपाशी ती का बोलली नव्हती ते कळलं. मला घाबरू द्यायचं नाही म्हणून तिने तो कागद वर्षभर एकटीने सांभाळला होता, आणि माझं घर जायची वेळ आली ती त्यामुळेच. दोन्ही गोष्टी खऱ्या.

मग आमच्या वकीलबाई उठल्या. त्यांना विचारावंच लागणार होतं.

"मावशी, अर्जदार तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

काकीने माझ्याकडे बघितलं नाही.

"नाय."

"रक्ताच्या?"

"नाय."

"एका घरात राहता?"

"नाय. मधे अंगण हाय."

"रेशनकार्डावर त्यांचं नाव?"

"तिचं तिकडं हाय, गुजरातेत."

साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. अर्जदार माझी नातेवाईक नाही. आम्ही एकत्र राहत नाही. मग जबाब वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी पुढं केला. काकीने शाई लावायच्या आधी विचारलं, "एवढंच लिहिलं?"

"एवढंच आजी."

"बरं," म्हणाली आणि अंगठा दिला.

दुपारी तळ्याच्या कडेला सावलीत बसून आम्ही भाकरी खाल्ली. ती बोलत नव्हती. एसटीत खिडकीशी बसली, तरी बोलत नव्हती. मला वाटलं, संपलं. घर मिळेल कदाचित, पण ही गेली. पोलादपूरच्या स्टँडवर वाडीच्या गाडीची वाट बघताना ती अचानक म्हणाली, "त्या बाईने मला तुझा कागद वाचून दाखवला. शेजारी राहणारी महिला."

"ते मी बदलून घेतलं काकी. आधी दुसराच शब्द होता."

"कुठला?"

"त्रयस्थ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिसराच कोणीतरी. ह्याचा ना त्याचा."

तिने विचार केला. "मग बरं केलंस," म्हणाली. आणि पिशवीतून राहिलेली अर्धी भाकरी काढून माझ्या हातात दिली. गाडी येईपर्यंत मी ती खात बसले.

निकाल महिन्याभराने लागला. मी पुन्हा कच्छला होते. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा हात पिठात होते, शेजारच्या बाईने फोन माझ्या कानाला धरला. "अर्ज मंजूर. एकतर्फी हुकूम रद्द." साहेबांनी लिहिलं होतं, की साक्षीदार अर्जदाराच्या कुटुंबातली नाही, अर्जदार त्या पत्त्यावर राहत नव्हती, आणि कागदाची घडी, त्यावरचे डाग बघता तो कोणी उघडून वाचल्याचं दिसत नाही. समोरच्याला थोडा खर्च द्यायची अट घातली होती. तो मी लगेच भरला. "पण ताई, हे घर मिळालं असं नाही हं," त्या म्हणाल्या. "दावा पुन्हा पहिल्यापासून. आता तुमची बाजू ऐकतील, एवढंच." मी म्हटलं, मला तेवढंच हवं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण त्या क्षणी खरं वाटलं.

ह्या वेळी शिमग्याची रजा मी दोन महिने आधी मागून ठेवली होती.

पालखी आमच्या दारात यायची ती दुपारी. दाराला अजून दोन कुलपं होती, खाली काकीचं, वर भावाचं. हुकूम रद्द झाला तरी ते काढायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही भीतीने त्याच्याकडे विषय काढला नव्हता. ढोल वरच्या घरापर्यंत आला. काकीने खालचं कुलूप काढलं आणि किल्ली कमरेला खोचून बाजूला उभी राहिली. भाऊ आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. तो गर्दीतून पुढं आला. पालखी बंद दारावरून परत जात नाही, हे आम्हा दोघांना सारखंच माहीत. त्याने खिशातून किल्ली काढली, वरचं कुलूप काढलं. कडी घट्ट बसली होती, मी दार ओढून धरलं तेव्हा निघाली. आत चार महिन्यांची धूळ होती. मी झाडलं, त्याने पाणी आणलं, पालखी ओटीवर टेकली. नारळ दोघांच्या नावाने एकच फोडला. गावकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं तेव्हा कोणाच्या घराचं म्हणून घालायचं ह्यावर जरा खोळंबले, मग "ह्या उंबऱ्याची जी काय लेकरं असतील" असं म्हणून पुढं गेले.

पालखी गेली. भाऊ दारात घुटमळला.

"ताई, कुलूप लावतो मी परत. वकिलांनी सांगितलंय, काढू नको म्हणून. काढायचं तर कोर्टातनंच."

"लाव," मी म्हटलं. "माझ्याही वकिलांनी तेच सांगितलंय. पण दिव्याचं काय?"

त्याने काकीकडे बघितलं. मग किल्ल्यांच्या जुडग्यातून दुसरी किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. "तिन्हीसांजेपुरती. आत दुसरं काही हलवायचं नाही काकी."

"हलवायला हाय काय आत?" काकी म्हणाली.

संध्याकाळी मी तिला नीट समजावलं. कोर्टात आता माझा कच्छचा पत्ता दिलाय, कागद तिकडेच येतील. तरी चुकून इथं कोणी आलं तर घ्यायचा नाही. सांगायचं की ती इथं राहत नाही. आणि घेतलाच कधी, तर देवाखाली ठेवायचा नाही, त्याच रविवारी मला सांगायचं. मी घाबरले तरी चालेल.

"घाबरशील ना?"

"घाबरेन. पण सांग."

"बरं. आणि त्याने विचारलं, तुम्ही कोण, तर?"

 वकीलबाईंनी ह्याचं उत्तर मला दिलेलं होतं, शेजारीण म्हणून सांगायचं.

"शेजारीण सांग."

"सांगेन की," ती म्हणाली. "मोठ्या साहेबांसमोर सांगितलं, मग ह्या बेलीफला सांगायला काय जातंय." तिने दोन्ही किल्ल्या घेतल्या, तेलाची बाटली घेतली आणि उठली. अंगणाच्या मध्यावर जाऊन मागं वळली. "येतेस ना गो? वरचं कुलूप माझ्या हाताला लांब पडतं."

मी गेले. वरचं मी काढलं, खालचं तिने.